चिलखतासाठी मिशी

आमच्या क्रुतोयारी गावात मला नावानं फार थोडे लोक ओळखत. कोर्नी म्हटलं की विचारत, "कुठला कोर्नी?" मग दोन बोटं ओठांवरून हनुवटीखाली ओढून दाखवली की लगेच, "हां, तो मिशीवाला होय!" तीस वर्षं ती मिशी माझ्या तोंडावर होती. खरं सांगायचं तर मीच तिच्यामागे होतो. जुन्या कोसाक घोडेस्वार लढवय्यांसारखी दोन्ही अंगांनी खाली उतरलेली, टोकाला जरा वळलेली. आमच्या सांस्कृतिक भवनात दरवर्षी नाटक बसे, त्यात कोसाक सरदाराचं काम ठरलेलं माझं. अभिनय येत होता म्हणून नव्हे, मिशी चिकटवायचा खर्च वाचत होता म्हणून. एरवी मी शाळेची बस चालवायचो. पण मला कुणी विचारलं की मी आधी सरदार असल्याचं सांगायचो, मग ड्रायव्हर.

माझी एकुलती एक मुलगी सोलोमिया. तिनं नवरा पसंत केला तो विन्नित्सा शहरातला एक केक करणारा मुलगा, सेवेरिन. बारीक अंगाचा, चष्मेवाला, हाताला कायम व्हॅनिलाचा वास. लग्नात मी ग्लास उंचावून म्हणालो, "मला वाटलं होतं, माझ्या दारात घोडा येईल. आलं बिस्किट!" पाहुणे हसले. सेवेरिनही हसला आणि त्यानं स्वतः केलेल्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला. केक अप्रतिम होता. मी मात्र तोंड वाकडं करून खाल्ला, आणि कुणी बघत नाही असं पाहून दुसरा तुकडाही घेतला.

मग त्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं. पहिल्याच आठवड्यात सेवेरिन भरती कार्यालयासमोरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मीही गेलो. मिशीला मेण लावून गेलो. तिथल्या बाईंनी माझं वय पाहिलं, पोट पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तो जिना दिसतोय ना? वर जाऊन खाली या आणि मला तुमचं नाव सांगा." मी वर गेलो आणि खाली आलो. नाव आठवत होतं, पण ते सांगायला श्वास सापडेना. "घरी जा," बाई म्हणाल्या, "आणि वाटेत बसत बसत जा."

अशा तऱ्हेनं बिस्किट लढाईवर गेलं आणि कोसाक सरदार घरी बोर्श्च, म्हणजे बीटाचं सूप, खायला परतला.

मार्च संपत आला तेव्हा सेवेरिनचा फोन आला. सोलोमियानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "चिलखत मिळालं का तुला?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"आहे की. चांगलं आहे," सेवेरिन म्हणाला.

मागून कुणीतरी ओरडलं, "आहे वहिनी, पण पाळीपाळीनं! जो पहाऱ्याला जाईल तो घालणार! परवा माझी पाळी होती, मला लई ढगळ झालं!"

हा लेस्को. आमच्याच गावचा, पनास शिकाऱ्याचा मुलगा, त्याच तुकडीत होता. सेवेरिन त्याला दटावत होता ते ऐकू आलं, मग फोन कट झाला. सोलोमिया तशीच फोनकडे बघत राहिली. माझी बायको ओरिस्या भांडी घासायला उठली, सगळी घासलेलीच होती तरी.

मी मिशीवर ताव मारला. "चिलखत, चिलखत! त्यात आहे काय? पोलादाचा तुकडा आणि वर कापड. मी करतो."

"तू?" ओरिस्या म्हणाली.

"मी. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद असतं ना, तोफ मारली तरी वाकत नाही."

आठवडाभर मी अंगणात ठोकाठोक केली. भंगारातल्या ट्रकचे पाटे तापवले, सरळ केले, कापले, घासले. ओरिस्यानं जुन्या तंबूच्या कापडाची जाकिटं शिवली. मी त्यातलं एक घालून गावातून फेरी मारली. ते इतकं जड होतं की चर्चच्या पायरीवर बसलो तो मला दोघांनी उठवलं. पण लोक वाहवा म्हणत होते, आणि वाहवा म्हटलं की मला वजन जाणवत नाही.

पनासनंच सुचवलं, पाठवण्याआधी गोळी झाडून बघू. पनास फार बोलणारा माणूस नव्हे. रविवारी आम्ही जुन्या दगडाच्या खाणीत गेलो, आणि मीच आधीपासून गावभर दवंडी पिटल्यामुळे अर्धं गाव मागोमाग आलं. एका खांबाला जाकीट बांधलं. ओरिस्या घरून भोपळा घेऊन आली. म्हणाली, "आत काहीतरी हवं ना. माणूस आत असतो." मी भोपळा जाकिटात बसवला आणि एक छोटं भाषण केलं. आपल्या पूर्वजांच्या तलवारी, आपल्या हातातली कला, असं काहीतरी. पनासनं ते संपेपर्यंत थांबून मग बंदूक उचलली.

आवाज घुमला. मी हात पसरून गर्दीकडे वळलो, "पाहिलंत?"

लोकांनी पाहिलं होतं. मीच पाहिलं नव्हतं. गोळी माझ्या प्लेटीतून लोण्यातून सुरी जावी तशी गेली होती आणि भोपळ्याच्या चिंधड्या खांबाच्या मागे दगडांवर पडल्या होत्या. मागून कुणी तरी फिसकन हसलं, मग आणखी दोघं हसले, आणि मग एकदम सगळे गप्प झाले. कारण ओरिस्या पुढे होऊन भोपळ्याचे तुकडे एप्रनमध्ये गोळा करायला लागली होती. एकही तुकडा तिनं ठेवला नाही. सोलोमिया तिला हाताला धरून घरी घेऊन गेली. पनास माझ्याजवळ आला, म्हणाला, "बरं झालं, इथं कळलं," आणि बंदूक खांद्याला अडकवून निघून गेला.

त्या जाकिटांतल्या प्लेटा अजून माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहेत. कोल्हा येत नाही, एवढं खरं.

म्हणजे आता चिलखतं विकतच घ्यायला हवी होती. ओरिस्याचा भाचा पोलंडमध्ये ट्रक चालवतो. त्यानं कळवलं की चांगली चिलखतं मिळतायत, पण एकेकाची किंमत दुभत्या गायीएवढी. आणि तुकडीतल्या सगळ्यांना द्यायची तर गावातला अख्खा गोठा. मी म्हटलं, वर्गणी काढू. भाषण कोण करणार? मीच. दारोदार हिंडलो. प्रत्येक दारात उभा राहून स्वातंत्र्यापासून सुरुवात करायचो आणि चिलखतापर्यंत येईपर्यंत समोरच्याचं दूध उतू गेलेलं असायचं. एका म्हातारीनं तर मी तोंड उघडायच्या आतच नोट काढून हातावर ठेवली. "घे बाबा, पण बोलू नकोस." लोकांनी जमेल तेवढं दिलं, पण गावाकडे होतं काय? साखर कारखाना बंद पडून वर्षं झालेली. जमलेल्या पैशात फार तर दीड गाय आली असती.

दुकानात ते सगळं झिनाईदासमोर मांडत होतो. झिनाईदा म्हणजे आमच्या दुकानाची मालकीण. गावात काय विकलं जावं आणि काय बोललं जावं, दोन्ही तीच ठरवते. ब्रेड घ्यायला बायकांची रांग होती. मला प्रेक्षक मिळाले की राहवत नाही. छाती ठोकून म्हणालो, "वेळ आली तर मी माझं सगळं विकीन! सगळं!"

"तुझं आहे काय विकण्यासारखं?" झिनाईदा पाव मोजता मोजता म्हणाली. "बस शाळेची. घर ओरिस्याचं. पोट तुझं आहे, पण ते कोण घेणार?"

रांग हसली.

"मिशी आहे," मागून कुणी तरी म्हणालं.

"हां, मिशी!" झिनाईदानं पाव खाली ठेवला. "ती उतरवणार असशील तर मी आत्ता देते पैसे. तीस वर्षं बघतेय मी, मिशीखाली काय आहे ते एकदा कळू तरी दे."

"मीपण देते!" "मीपण!" रांगेतल्या बायका खरंच पिशव्यांतून पैसे काढायला लागल्या. झिनाईदानं फळीवरून काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी काढली आणि ठक्कन काउंटरवर ठेवली.

मला घाम फुटला. म्हटलं, "हा अन्याय आहे. ज्यांना मिशी आवडते त्यांचं काय? त्यांच्यासाठी दुसरी बरणी ठेवा." माझी खात्री होती की गाव मिशीच्या बाजूनं उभं राहील. झिनाईदानं दुसरी बरणी काढली. एकीवर लिहिलं 'उडवा', दुसरीवर 'ठेवा'. नियम तिनंच सांगितला: मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, सांस्कृतिक भवनासमोर, जी बरणी जड तिचं ऐकायचं. पैसे दोन्हींतले चिलखतालाच जाणार.

'उडवा' संध्याकाळपर्यंत गळ्यापर्यंत भरली. 'ठेवा'मध्ये एक नोट होती, ती मीच टाकलेली.

मी रोज काही ना काही निमित्त काढून दुकानात जायचो. काडेपेटी घ्यायला, मीठ घ्यायला. आमच्याकडे एवढं मीठ साठलं की ओरिस्यानं विचारलं, डुक्कर मारायचंय का. माझ्या समोर माझ्या नाटकातल्या मंडळींनी 'उडवा'त पैसे टाकले. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं टाकले. चर्चच्या पाद्रीबुवांनी टाकले आणि वर मला आशीर्वाद दिला. आणि एक दिवस दारातून आत शिरतोय तर खुद्द ओरिस्या, बरणीत नोट कोंबतेय.

"तूसुद्धा?" मी म्हटलं.

"कोर्नी," ती शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं मी त्या मिशीतलं बोर्श्च धुतेय. मला एकदा तुझं चुंबन घ्यायचंय, बीटाचं नव्हे."

सोलोमियानं ही गोष्ट फोनवरून बाहेर कळवली तशी मजा आणखी वाढली. गावच्या ज्या बायका इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्यात त्यांनी पैसे पाठवले. पोर्तुगालमध्ये घरं रंगवणाऱ्या पोरांनी पाठवले. सगळ्यांचा निरोप एकच: उडवा. परदेशात राहून माणूस गावाला विसरतो म्हणतात, पण माझी मिशी कुणी विसरलं नव्हतं.

आणि मग शेवटच्या आठवड्यात चमत्कार झाला. 'ठेवा' वर यायला लागली. एका दुपारी सोलोमिया धावत आली, म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकताय! कुणीतरी 'ठेवा'ला मोठी रक्कम पाठवलीय."

मी फुलून गेलो. "अखेर कुणाला तरी सौंदर्य कळलं! कोण आहे गं तो?"

ती म्हणाली, "सेवेरिन. आणि त्याची सगळी तुकडी. त्यांनी पगारातून काढून पाठवलेत. त्यानं लिहिलंय, 'इथं रोज काही ना काही उद्ध्वस्त झालेलं बघतो. बाबांची मिशी तरी जागेवर राहू द्या.'"

मी खुर्चीत बसलो. ज्या पोरांच्या अंगावर चिलखत नाही ती पोरं, पाळीपाळीनं एकच ढगळ जाकीट घालणारी, माझ्या तोंडावरचे केस वाचवायला पगार पाठवतायत! आणि तेही त्यांच्याच चिलखतासाठीच्या बरणीत! मला रडू आलं, आणि मला रडताना मिशी फार आडवी येते.

उठून सरळ दुकानात गेलो. "झिनाईदा, स्पर्धा बंद कर. मी आत्ता मिशी काढतो."

"तसं चालायचं नाही," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम. 'ठेवा' जड भरली तर ठेवायची. मधेच मोडलंस तर लोक पैसे परत मागतील."

"पण पोरांच्या पैशानं मिशी राखून मी तोंड कसं दाखवू?"

"मग मिळव 'उडवा'ला पैसे," ती म्हणाली.

तर मंडळी, मी पुन्हा दारोदार फिरलो. या वेळी स्वतःच्याच मिशीविरुद्ध. आणि काय दैव बघा, आता कुणी देईना! सगळ्यांना सेवेरिनचा निरोप कळला होता. ज्या म्हातारीनं मला बोलू नकोस म्हणून पैसे दिले होते, ती डोळे पुसत म्हणाली, "पोरांनी ठेवा म्हटलंय ना, मग मी 'ठेवा'लाच टाकणार." पाद्रीबुवांनी बाजू बदलली. मुख्याध्यापिकेनं बदलली. मी हात जोडून विनवत होतो, "अहो, उडवा हो माझी मिशी!" आणि गाव म्हणत होतं, "नाही कोर्नीकाका, आता ती देशाची आहे." पण या भांडणात दोन्ही बरण्या भरल्या, तिसरी आली, चौथी आली. झिनाईदाच्या दुकानात लोणच्याला बरणी उरली नाही.

रविवारी अख्खं गाव भवनासमोर जमलं. 'ठेवा' पुढे होती. मी मंचावर खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो. इतक्यात ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. शेजारच्या गावचा होर्दी. त्याच्या गावच्या नाटकात तो सरदार असतो, आणि त्याची मिशी माझ्यापेक्षा बोटभर आखूड. वीस वर्षं आमचा अबोला. ट्रॅक्टरवरून उतरला, मंचावर आला आणि कापडी पिशवी झिनाईदाच्या हातात दिली. "आमच्या गावाकडून. 'उडवा'." मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "आता जिल्ह्यात सगळ्यात लांब कुणाची?"

त्या पिशवीनं 'उडवा' जड भरली. मी त्याला मिठी मारली. तो दचकला.

मिशी ओरिस्यानं काढली. आधी कात्री, मग वस्तरा. गार वारा लागला तेव्हा कळलं की तिथंही मला कातडी आहे. सगळे निरखून बघत होते. मिशीखाली जे निघालं ते असं: छोटा, गुलाबी, पुढे आलेला ओठ, नुकत्याच उकडलेल्या, सारण भरलेल्या वारेनिकीसारखा. ओरिस्यानं मान तिरपी करून पाहिलं. "आता कळलं," ती म्हणाली, "तू का ठेवली होतीस." एवढं बोलून तिनं सगळ्यांदेखत माझं चुंबन घेतलं, आणि लोक इतके हसले की होर्दीचा ट्रॅक्टर ऐकू येईना.

चिलखतं आली. हलकी, खरीखुरी. पनासनं त्यांतल्या एका प्लेटीवर गोळी झाडून पाहिली. मी या वेळी भाषण केलं नाही. प्लेटीला फक्त खळगा पडला. पनास बराच वेळ तो खळगा अंगठ्यानं चाचपत होता.

शाळेच्या बसमध्ये चिलखतं, लोणची आणि सुकवलेले मासे भरून मी आणि पनास पूर्वेकडे निघालो. वाटेत एका चौकीवर सैनिकानं माझा पासपोर्ट उघडला. फोटोत मिशी. समोर वारेनिकी. "हा तुम्ही नाही," तो म्हणाला. मी सगळी हकिगत सांगितली. तेव्हा त्याचा संशय आणखी वाढला. अनोळखी माणूस, चिलखतांनी भरलेली शाळेची बस, आणि वर लिलावात मिशी गेल्याची गोष्ट! पनासला विचारलं तर तो नुसता "हो" म्हणाला. शेवटी झिनाईदाला फोन लावला. सैनिकानं माझं वर्णन केलं.

"ओठ कसा आहे?" तिचा आवाज चौकीभर घुमला.

"गुलाबी. जरा… फुगीर."

"आमचाच आहे. सोडा त्याला, त्याच्याकडून कुठली हेरगिरी व्हायचीय!"

द्निप्रो शहराच्या पुढे एका बंद शाळेच्या आवारात तुकडी भेटली. सेवेरिन माझ्या बाजूनं दोनदा गेला, त्यानं मला ओळखलंच नाही. मीही त्याला लगेच ओळखलं नाही. तो चष्मेवाला मुलगा आता काळवंडला होता, दाढी वाढलेली, आणि चालताना आधी जमीन बघत होता. मी म्हटलं, "सेवेरिन." आवाजावरून त्यानं मान वळवली. "बाबा? अरे देवा, तुम्ही…" आणि तो हसायला लागला, हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून तसाच राहिला. त्याच्या अंगाला आता धुराचा वास येत होता.

लेस्को तर पोट धरून खाली बसला. "काका, हे तोंड शत्रूला दाखवायला हवं होतं! आम्हाला चिलखतं लागलीच नसती!" पनासनं स्वतःच्या हातानं लेस्कोला चिलखत चढवलं. पट्टे ओढले, परत सैल केले, परत ओढले. लेस्को म्हणाला, "बाबा, आवळू नका हो, श्वास घेऊ द्या." पनास म्हणाला, "बाजूनं मोकळं राहतंय." सेवेरिन म्हणाला, "काका, बाजूला प्लेट नसते." पनासनं मान हलवली आणि पुन्हा एकदा पट्टा ओढून पाहिला.

शरद ऋतूत बटाटे काढायचे दिवस होते तेव्हा सेवेरिनचा फोन इस्पितळातून आला. तोफगोळा जवळ फुटला होता. छातीवरच्या प्लेटीनं तुकडे अडवले, दोन बरगड्या मोडल्या, हात भाजला. वाचला होता. मी फोन कानाला धरून उभा. आयुष्यभर दारोदार भाषणं करणारा माणूस मी, माझ्या तोंडून निघालं एवढंच, "जेवलास का?"

"लापशी देतात बाबा," तो म्हणाला. "फार वाईट करतात." मग म्हणाला, "लेस्को माझ्या शेजारीच होता. त्याला काखेतून लागलं."

सरकारी माणसं निरोप घेऊन पनासकडे आमच्या आधीच पोचली होती. मी गेलो तेव्हा तो शेतात होता, बटाटे काढत होता. मी फावडं घेतलं आणि शेजारच्या ओळीत उतरलो. ओळ संपली. मग पनास कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"घातलं होतं ना त्यानं?"

"घातलं होतं."

"म्हणजे आपल्याकडून कमी पडलं नाही."

"नाही पनास."

त्यानं मान हलवली. ढगाकडे पाहिलं आणि म्हणाला, पाऊस यायच्या आत एवढी ओळ काढून घेऊ. आम्ही दोघं परत वाकलो.